पुढे ३२, मागे ३०

आप्पांच्या मारुती एस्टीम गाडीच्या टायरांत हवा किती भरायची, एवढं ठरवायला मला दहा महिने लागले. गाडी २००२ सालची, एमएच ११ पासिंगची. आप्पांनी ती नवी घेतली तेव्हा तिला १३ इंची लोखंडी रिंगा होत्या आणि १७५/७० आर १३ मापाचे टायर, म्हणजे रुंदी १७५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के आणि रिंग १३ इंची. २००९ मध्ये माझ्या धाकट्या भावाने हौसेने १५ इंची अलॉय, म्हणजे अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या रिंगा (दुकानात यांनाच मॅगव्हील म्हणतात) बसवले, त्यांवर १९५/५० आर १५ टायर आले. पुढे आप्पा साताऱ्याहून पुण्याला आमच्याकडे राहायला आले, तेव्हा डिकीत सीएनजीचा सिलिंडर बसला. भाऊ नोकरीसाठी परदेशी गेला, आप्पांनी सत्तरीनंतर गाडी चालवणं सोडलं आणि किल्ली माझ्या हातात आली. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर तिचं पुन्हा पासिंग करून घेतलं, कारण ती भंगारात द्यायची असं घरात कुणाच्याच मनात कधी आलं नाही.

दाराच्या खांबावर कंपनीचं हवेचं स्टिकर असतं, ते मधल्या एका रंगकामात गेलं. ते असतं तरी १३ इंची चाकांसाठी आणि सिलिंडर नसलेल्या गाडीसाठी असतं. म्हणून मी विचारत सुटले. कात्रजजवळचा पंक्चरवाला म्हणाला, "ताई, मॅगव्हील आहेत, चाळीस मारतो, खड्ड्यात रिंग वाचेल." पेट्रोल पंपावरच्या पोराने न विचारताच ३५ मारली. सोसायटीतल्या एका काकांचं म्हणणं, टायर रुंद आहे, रुंद टायरला कमी हवा लागते, २६ भरपूर झाली. भावाने फोनवर सांगितलं, "मी ३६ ठेवायचो गं." आप्पा तेवढे प्रामाणिकपणे म्हणाले, "मी चारही चाकांत २८ भरायचो. पण ती चाकं वेगळी, तेव्हा गाडीत सीएनजीची टाकीही नव्हती. माझा आकडा धरू नकोस."

मी सुरुवातीला पंक्चरवाल्याचं ऐकलं. चाळीसवर गाडी हलकी पळायची, स्टिअरिंग मऊ वाटायचं. पण काँक्रीटच्या रस्त्यावर सांधा आला की डॅशबोर्ड खडखडायचा आणि मागच्या सीटवर आप्पांच्या कमरेला प्रत्येक धक्का जाणवायचा. त्याहून वाईट अनुभव पहिल्या पावसात आला. नवले पुलाच्या उतारावर पुढचा टेम्पो थांबला, मी ब्रेक दाबला आणि गाडी मला अपेक्षित होती त्याच्या बरीच पुढे जाऊन थांबली. धडक झाली नाही, पण घरी येऊन टायर पाहिले तर मधला पट्टा कडांपेक्षा स्पष्ट जास्त झिजलेला. हवा जास्त असली की टायर मध्यावर फुगतो आणि रस्त्याला तेवढाच टेकतो. जे घडलं त्याचं सगळं खापर हवेवर फोडता येणार नाही, टायरही जुने होते. तरी मी घाबरले आणि दुसऱ्या टोकाला गेले. काकांचा २६ चा आकडा घेतला.

२६ वर तीन आठवडे गाडी गादीसारखी चालली. आप्पा खूश. मग एका रात्री पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही, पुढचं डावं चाक त्यात आदळलं आणि धातूवर धातू आपटल्याचा आवाज आला. सकाळी टायरच्या बाजूला लिंबाएवढं टेंगूळ. आतले धागे तुटले की तिथे रबर असं फुगतं, आणि असा टायर दुरुस्त होत नाही. रिंगेची कडही किंचित वाकली होती. जुन्या टायरची बाजू १२२ मिलिमीटर उंच होती, या टायरची जेमतेम ९७. म्हणजे खड्ड्याची कड आणि रिंग यांच्यामध्ये जे रबर आणि हवा असते, तीच अडीच सेंटिमीटरनी कमी झालेली. तिथे हवाही कमी ठेवली तर रिंगेला वाचवायला काही उरत नाही.

पुढचे दोन्ही टायर नवे घेतले आणि ठरवलं, आता कुणाचा आकडा घ्यायचा नाही. आधी समजून घ्यायचं.

पहिली गोष्ट कळली ती मीटरबद्दल. मी स्वतःचा एक डिजिटल गेज घेतला. सकाळी घरी ३० दाखवणारं चाक त्याच गल्लीतल्या पंक्चरच्या दुकानात ३४ दाखवत होतं. कोण खरं? टायरच्या एका मोठ्या दुकानात आणि मैत्रिणीच्या गेजवर ताडून पाहिलं, तिन्ही एका पीएसआयच्या आत जुळले (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप, वरचे सगळे आकडे त्यातलेच). म्हणजे दुकानाचा मीटर चार जास्त सांगत होता. तो रोज जमिनीवर आपटतो, उन्हात पडलेला असतो, त्याचा तरी काय दोष? पण याचा अर्थ असा की आजवर मी जे २६ समजत होते ते प्रत्यक्षात २२ च्या आसपास असणार. खड्ड्याने टायर का फोडला ते मला तेव्हा नीट उमगलं. त्या दिवसापासून हवा कुठेही भरली तरी वाचते फक्त माझ्या गेजवर, आणि तेही गाडी निदान तीन तास उभी असताना.

दुसरी गोष्ट टायरच्या बाजूवर लिहिलेली होती, मी ती कधी वाचलीच नव्हती. मापाच्या पुढे ८२ व्ही असं छापलेलं असतं. व्ही हा वेगाचा दर्जा. ८२ हा वजनाचा आकडा, त्याचा अर्थ हा एक टायर पूर्ण हवेवर ४७५ किलो पेलू शकतो. पूर्ण हवा म्हणजे साध्या टायरला २.५ बार, साधारण ३६ पीएसआय. बाजूवर आणखी एक मोठा आकडा असतो, माझ्या टायरवर तो ५१ पीएसआय आहे. ती वरची मर्यादा असते, भरायचा आकडा नव्हे. पुष्कळ दुकानांत तोच वाचून त्याच्या जवळपास हवा मारतात.

मग जुन्या मापाचा आकडा शोधला. १७५/७० आर १३ चा वजनाचा आकडाही ८२ च. दोन्ही टायरांची पूर्ण उंची काढली तर जुन्याची ५७५ मिलिमीटर, नव्याची ५७६. भावाने माप निवडताना कुणाला तरी नीट विचारलं असणार, याचं मला बरं वाटलं. उंची जवळजवळ तीच असल्याने स्पीडोमीटर खोटं सांगत नाही, आणि एकाच हवेवर दोन्ही टायर सारखंच वजन पेलतात. म्हणजे 'रुंद टायरला कमी हवा' हेही चूक आणि 'बारीक बाजूच्या टायरला चाळीस' हेही चूक. टायर किती रुंद आहे यापेक्षा त्याच्यावर किती वजन बसलंय हा प्रश्न खरा. मात्र दुकानदार याच मापात एक्सएल लिहिलेला, जास्त वजनाचा टायर देत असेल तर हिशेब बदलतो. त्याचा वजनाचा जास्तीचा आकडा २.९ बारवर मोजलेला असतो, त्यामुळे कमी हवेवर तो साध्या टायरपेक्षा काही जास्त पेलत नाही. मी साधेच घेतले.

आता वजन. आरसी बुकातलं वजन कारखान्यातून निघालेल्या गाडीचं. माझ्या गाडीत सिलिंडर, त्याचे ब्रॅकेट, पाइप मिळून साठ-सत्तर किलो वाढलेले, तेही सगळे मागे. अंदाज करण्यापेक्षा मोजूनच घ्यावं म्हणून उंब्रजच्या अलीकडे हायवेलगतच्या एका वजनकाट्यावर गेले. ऊसाचा हंगाम चालू होता. ट्रॅक्टर आणि दोन-दोन ट्रॉल्यांच्या रांगेत माझी एस्टीम. काट्यावरच्या माणसाने खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "ताई, गाडीत काय आहे?" मी म्हटलं, "काही नाही, गाडीच मोजायची आहे. आणि आधी फक्त पुढची चाकं." त्याला आधी कळेना. मग मी खुलासा केला तसा तो खाली उतरला, स्वतः हाताने खुणा करून पुढची दोन चाकं काट्यावर आणि मागची दोन बाहेर अशी गाडी उभी करून दिली. मागे थांबलेल्या ट्रॅक्टरवाल्यांनीही कुरकुर केली नाही. एकजण तर उतरून बघायलाच आला. "आम्ही ट्रॉलीचं असं कधी बघत नाय," म्हणाला, "टायर फुटला की मगच बघतो."

काटा दहा-दहा किलोच्या टप्प्याने वाचत होता, म्हणून प्रत्येक माप दोनदा घेतलं. मी एकटी असताना पुढे ५८० किलो, मागे ४५०. दुसऱ्या फेरीला गावाहून परतताना आम्ही पाच जण, डिकीत तांदळाचं पोतं, दोन बॅगा. पुढे ६६०, मागे ६८०. चिठ्ठी हातात घेऊन मी ती पुन्हा वाचली. एरवी पुढे इंजिन म्हणून पुढचीच चाकं जड, हे मी गृहीत धरून होते. भरलेल्या गाडीत मागची चाकं पुढच्यांना मागे टाकत होती. माझ्या एकटीच्या गाडीपेक्षा मागे २३० किलो जास्त, पुढे फक्त ८०. आणि इतकी वर्षं आम्ही गणपतीला, दिवाळीला, यात्रेला चारही चाकांत एकच हवा भरून, वर पोतं टाकून निघत होतो.

यापुढचा हिशेब कागदावर अर्ध्या तासात झाला. टायर कंपन्या वजन आणि हवा यांचं कोष्टक देतात. ८२ आकड्याचा टायर २.५ बारवर ४७५ किलो पेलतो, २.२ वर, म्हणजे ३२ पीएसआयवर साधारण ४३०, २.० वर, म्हणजे २९ वर ३९५ आणि १.८ वर, म्हणजे २६ वर ३६५. मी एकटी असताना पुढच्या प्रत्येक चाकावर २९० किलो, मागच्यावर २२५. भरलेली गाडी असेल तर ३३० आणि ३४०.

या कोष्टकाप्रमाणे पाहिलं तर पाच जणांच्या गाडीलाही २६ पुरतात. काकांचा आकडा बरोबर म्हणायचा? मी त्यावर बराच विचार केला. कोष्टक सांगतं ती जमीन आहे, त्याच्या खाली जायचं नाही इतकंच. गाडी उभी असतानाचं वजन काट्यावर दिसतं. ब्रेक दाबला की मागचं वजन पुढे धावतं, वळणावर आतल्या चाकाचं वजन बाहेरच्या चाकावर जातं, आणि खड्ड्यात त्या एका क्षणी चाकावर किती आदळतं ते कुठलाच काटा सांगत नाही. शिवाय बारीक बाजूचा टायर. म्हणून मी जमिनीच्या वर थोडी राखीव हवा ठेवायची ठरवली: एकटी किंवा दोघं असताना पुढे ३२, मागे ३०. पाच जण आणि सामान असेल तर पुढे ३३, मागे ३५. मागची हवा पुढच्यापेक्षा जास्त ठेवणं मला सुरुवातीला उलटं वाटलं, पण चिठ्ठीवरचे आकडे तेच सांगत होते.

कागदावरचा आकडा रस्त्याला पटतो का, हे बघायला आप्पांनी एक जुनी युक्ती सांगितली. टायरवर खडूने आडवी जाड रेघ मारायची, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग कोरड्या, सरळ रस्त्यावर थोडंसं जायचं आणि रेघ कुठे पुसली ते बघायचं. रविवारी सकाळी सोसायटीमागच्या रिकाम्या रस्त्यावर आम्ही दोघांनी ते केलं. आप्पा प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, मी खडू घेऊन उकिडवी. ३८ वर मधली रेघ गेली आणि दोन्ही कडांना खडू तसाच राहिला. २६ वर कडा पुसल्या, मध्यावर पांढरा खडू राहिला. ३२ वर पुढच्या चाकाची रेघ जवळजवळ सगळीच एकसारखी गेली, फक्त आतल्या कडेला बोटभर ठळक पुसली. मागचं चाक ३० वर नीट. गाडीत शेजारची तीन मुलं बसवून मागे ३० वरच पुन्हा पाहिलं तर कडा आधी जाऊ लागल्या. आप्पांनी खुर्चीतूनच मान हलवली, "वाढव." दोन-दोनने वाढवत ३४ पर्यंत गेलो तेव्हा रेघ सारखी झाली. मुलं हलकी होती, मोठी माणसं आणि पोतं धरून ३५ हा माझा कागदावरचा आकडा तिथे पटला. मला त्या सकाळी फार समाधान वाटलं, कारण काट्याची चिठ्ठी आणि खडूची रेघ एकमेकांना न विचारता एकच बोलत होत्या.

दुसरी परीक्षा उन्हाची. एप्रिलमध्ये पहाटे सहाला पुण्यातून निघताना पुढे ३२ भरली. खंबाटकी घाट चढून सुरूरला चहाला थांबले, तेव्हा चाकात ३६ होती. चार वाढली. आदल्या वर्षी याच रस्त्यावर २६ वरून ३२ झाली होती, सहा वाढली होती. हवा कमी असली की टायरची बाजू जास्त दुमडते, जास्त तापते, म्हणून आतली हवाही जास्त चढते. तेव्हा मी घाबरून घाटाच्या वरच गरम टायरमधून हवा सोडली होती. ते अगदी चूक होतं. टायर थंड झाल्यावर ती हवा २६ च्याही खाली गेली असणार. गरम टायरची हवा वाढलेली दिसली तर सोडायची नाही. ती वाढणारच असते, थंड टायरचे सगळे आकडे तेवढं धरूनच दिलेले असतात.

थंडीत उलटं. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे १० अंश आणि एप्रिलच्या दुपारी ३८, या दोन टोकांत एकाच चाकात चारेक पीएसआयचा फरक नुसत्या हवामानानेच पडतो. शिवाय चांगल्या टायरमधूनही महिन्याला एखादा पीएसआय झिरपतो. उन्हाळ्यात भरलेल्या हवेवर दिवाळीला निघणारी गाडी म्हणजे न कळता २६ वर निघालेली गाडी. नायट्रोजनबद्दलही लोक विचारतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. तो भरून घेतला तरी मोजण्यापासून सुटका नाही, म्हणून मी त्या वाटेला गेले नाही.

मागचं उजवं चाक मात्र यातलं काही मानत नव्हतं. दर आठवड्याला तीन पीएसआय उतरायचं. पंक्चर नाही, व्हॉल्व्ह नवा. शेवटी साबणाचं पाणी रिंगेच्या कडेने ओतलं तेव्हा बारीक बुडबुडे आले, जिथे टायर रिंगेला चिकटून बसतो अगदी तिथून. टायर उतरवला तर अलॉयच्या कडेला पांढरी, खरखरीत पापुद्र्यासारखी बुरशी. तो अॅल्युमिनियमला चढलेला गंज. दहा-बारा वर्षं पावसाचं पाणी आत राहिल्याने झालेली. टायरच्या दुकानातल्या मुलाने तारेच्या ब्रशने ती घासून काढली, कड गुळगुळीत केली, सीलंट लावून टायर परत बसवला. बाकीच्या तीनही रिंगांची तीच अवस्था निघाली. जुने अलॉय असलेल्या कुणालाही मी हे आधी करायला सांगेन. हवेचा आकडा कितीही नीट काढला आणि रिंग गळत असेल तर तो आकडा आठवडाभरही टिकत नाही.

स्टेपनी अजून जुनीच आहे, १३ इंची लोखंडी रिंगेवर. उंची जुळत असल्याने पंक्चर काढायच्या दुकानापर्यंत ती चालते. तिच्यात मी ३५ ठेवते, कारण ती कुठल्या चाकाच्या जागी लागेल ते आधी सांगता येत नाही. पण सिलिंडरच्या मागे अडकल्याने तिच्याकडे वर्षानुवर्षं कुणी बघितलं नव्हतं. पहिल्यांदा मोजली तेव्हा १४ निघाली. तिच्यावर छापलेल्या चार आकड्यांवरून ती २०११ च्या ३४ व्या आठवड्यातली आहे हेही तेव्हाच कळलं. रबराला बारीक भेगा पडल्या आहेत. ती या महिन्यात बदलणार आहे.

नव्या टायरांवर आता चार हजार किलोमीटर झाले. टायरच्या खाचांची खोली मोजायचा छोटा मीटर लावून तीन ठिकाणी मोजलं: पुढच्या टायरची बाहेरची कड ७.१ मिलिमीटर, मध्य ७.१, आतली कड ६.६. मध्य आणि बाहेरची कड सारखी आहे म्हणजे हवा बरोबर. आतली कड जास्त झिजतेय ते चाकाच्या कोनामुळे. खडूच्या रेघेने ते त्याच सकाळी दाखवलं होतं, मीच तिकडे दुर्लक्ष केलं. पुढच्या शनिवारी अलाइनमेंटला गाडी दिली आहे.

दाराच्या खांबावर, जिथे कंपनीचं स्टिकर होतं तिथेच, मी आता एक कागद लावलाय, वरून पारदर्शक टेप. त्यावर आप्पांच्या अक्षरात दोन ओळी आहेत. 'एकटी : पुढे ३२, मागे ३०. सगळे : पुढे ३३, मागे ३५.' गणपतीला निघायच्या आदल्या रात्री आप्पा खाली येतात आणि मी मागची चाकं पंपाने ३५ पर्यंत भरेपर्यंत बॅटरी धरून उभे राहतात.